दगडापलीकडची तीन झाडं

९ ऑक्टोबर, रविवार

न्तातेंचा, माझ्या वडिलांचा, पाय आज पुन्हा पेटला. जेवता जेवता त्यांनी ताट बाजूला सारलं, भिंतीकडे तोंड केलं आणि ओठ आवळून बसले. म्मेने, आईने, दूध तापत ठेवलं. वाशाला टांगलेल्या जुडीतून बोटभर शेंडा मोडला, चुरून दुधात टाकला आणि मंद आचेवर ढवळत राहिली. कप पिऊन तासभर झाला, तेव्हा न्तातेंचे खांदे सैल झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "हं डॉक्टर, काय सांगत होतीस?"

मी डॉक्टर नाही. शेतीशास्त्राची पदवी आहे. पण या घरातली पहिली पदवी, म्हणून ते मला काहीही म्हणू शकतात.

खाणीत त्यांच्या पाठीवर दगड कोसळला, त्याला अकरा वर्षं झाली. पाठ जुळली. डाव्या पायातली आग राहिली. छातीत खाणीची धूळ आहे, त्यामुळे धूर ओढायचं जमत नाही, म्हणून दुधातून. रोज संध्याकाळी एक कप. दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्यांना नुसती गुंगी यायची, आग तशीच.

उद्या नोकरीचा पहिला दिवस, सरकारी परवान्याने औषधी झाडं लावणाऱ्या कंपनीत.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला आठवडा संपला. सोमवार ते शुक्रवार कंपनीच्या खोल्यांत राहायचं, शुक्रवारी दुपारच्या टॅक्सीने घरी.

किती स्वच्छ आहे सगळं! काचघरात शिरताना बूट बदलायचे, केस झाकायचे. आत शिरताना पिशवी तपासतात, बाहेर पडतानाही. घरचं एक पानसुद्धा आत आणायचं नाही — रोग येईल म्हणून. आणलं तर नोकरी गेली.

पुलाने नावाची एक बाई टाक्यांवर काम करते; खताचं पाणी तीच कालवते. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. मला म्हणाली, "माझ्या आईला या झाडापायी पोलिसांनी दोनदा नेलं. आणि मला तेच झाड लावायचा पगार मिळतो. आई असती तर हसून हसून मेली असती."

बाहेर त्याला मातेक्वाने म्हणतात. आत आलं की कॅनाबिस. झाड तेच, गांजाचं. पण इथली झाडं पाहिली आणि मला घरच्या झाडांची लाज वाटली. इथली पानं गडद हिरवी, तळहातापेक्षा मोठी.

न्तातेंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खाणीत मी सोनं काढलं, एक कण घरी आला नाही. तुझंही तसंच होणार तर."

नाही होणार. मी शिकले ते कशासाठी?

३० ऑक्टोबर, रविवार

म्मेची झाडं नीट पाहिली. गुरांच्या वाड्यामागच्या उतारावर, मक्याच्या दोन ओळींच्या मधे अकरा रोपं, आणि एका मोठ्या दगडापलीकडे, कड्याच्या अगदी टोकाला, आणखी तीन. गुडघ्याएवढीही नाहीत. खालची पानं पिवळी पडलेली. पुस्तकात नायट्रोजनच्या कमतरतेचं चित्र असतं, हुबेहूब ते.

"म्मे, यांना तू काय घालतेस?"

"काय घालायचं?"

"शेणखत, राख, काहीतरी."

"शेण जाळायला पुरत नाही. राख भोपळ्याला जाते." मग जरा विचार करून, "याला कोणीच काही घालत नाही, मोसेले. माझी सासूही घालत नव्हती."

खरंच आहे. आमच्या डोंगरावर झाडोरा नाही, म्हणून वाड्यातलं शेण लाद्या कापून चुलीत जातं. शेताला उरेल ते मक्याला. आणि न्तातेंचं औषध ज्याच्यावर अवलंबून आहे, ते झाड उपाशी. उपाशी झाड औषध कुठून बनवणार?

११ नोव्हेंबर, शुक्रवार

मिस्टर चिकोमोंनी मला पहिला प्रयोग दिला!

ते मूळचे झिंबाब्वेचे, प्रयोगशाळा त्यांच्याकडे. फार हळू बोलतात. पाच ओळी, एकाच झाडाच्या कलमांच्या. पाणी, उजेड, बाकी सगळं अन्न सारखं. फक्त नायट्रोजन वेगवेगळा. पहिल्या ओळीला अगदी नावापुरता, पाचवीला पोटभरून वर. शेवटी फुलं वाळवून त्यांतली औषधी द्रव्यं मोजायची. कुठल्या ओळीत किती भरली ते पाहायचं.

"तुला काय वाटतं, कोणती जिंकेल?" त्यांनी विचारलं.

"चौथी किंवा पाचवी, सर."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "लिहून ठेवलं की नंतर आपण वेगळं बोललो होतो असं म्हणता येत नाही," म्हणाले.

१२ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या पगारातून खताचं पोतं घेतलं. पंचवीस किलो. टॅक्सीवाल्याने डोंगराच्या पायथ्याशी उतरवलं. तिथून दीड तास चढ. पोतं पाठीला कांबळ्याने बांधलं, बायका मूल बांधतात तसं. तीनदा बसले. शेवटच्या वळणावर वर पाहिलं तर न्ताते काठी टेकत दाराबाहेर येऊन उभे होते. मी पोचेपर्यंत उभेच. तेवढं उभं राहणं त्यांना जमत नाही, हे मला माहीत आहे.

"हे काय?"

"तुमच्या औषधाचं जेवण."

त्यांनी पोत्यावर हात फिरवला. खाणीतून सुट्टीला येताना ते माझ्यासाठी बूट आणायचे, तेव्हा मी बुटांवरून हात फिरवायचे तसा. शेजारच्या मालेरातोबाईंना हाक मारली, "या, या, बघा! लोकांच्या मुली पगाराची टोपी आणतात. माझ्या मुलीने दगड आणलाय पाठीवर!"

मी वाटी भरून निघाले, तेव्हा म्मे एवढंच म्हणाली, "सगळ्यांना नको घालूस."

"का?"

"आपण कधी घातलं नाही."

न्ताते म्हणाले, "शिकलेली आहे ती. घालू दे."

अकरा झाडांना घातलं. दगडापलीकडच्या तिघांकडे वळले तर म्मेने हात धरला. "तिथे पाय ठेवायला जागा नाही, घसरशील." मी हसले. तीन तर तीन. राहू देत उपाशी, फरक तरी दिसेल.

१८ डिसेंबर, रविवार

फरक दिसला! तिसऱ्यांदा खत घातलं. अकरा झाडं मक्याच्या डोक्यावर गेली आहेत. काळपट हिरवी, पानं रुंद. मालेरातोबाई म्हणाल्या, "ही झाडं आता लपायची नाहीत, मोसेले. पोलीस आले तर सांगा ओकची आहेत म्हणून." दगडापलीकडची तीन तशीच — पिवळी, काटकुळी, वाऱ्यावर हलणारी. लाज वाटते बघून.

न्ताते संध्याकाळी वाड्याच्या भिंतीवर बसून झाडांकडे बघत राहतात. झाडांकडे बघतात की माझ्याकडे, कळत नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

पहिल्या ओळीची पानं पिवळी पडून गळू लागली. मी चिकोमो सरांना विचारलं, थोडं वाढवू का? निदान अर्धं?

"झाड रडत नाहीय, मोसेले. तू का रडतेस?"

रडत नव्हते. पण जे उपाशी आहे ते समोर दिसतंय, खाऊ घालायची टाकी हाताशी आहे, आणि घालायचं नाही — हे मला जड जातं.

पुलाने म्हणाली, "आमच्या आईचं एखादं झाड वाड्याच्या भिंतीला उगवलं, शेणाच्या ओलीत, की ते दांडगं व्हायचं. ते आम्ही विकायचो. घरात नाही ठेवायचो."

"का?"

"कुणास ठाऊक. आई तसं करायची."

१९ मार्च, रविवार

काल घरची कापणी केली. वाशाला जागा पुरेना, खुर्चीच्या पाठीवर जुड्या टांगल्या. दरवर्षीच्या तिप्पट तरी असेल. म्मे दगडापलीकडे गेली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, "ती मी नंतर बघते."

एक गंमत लिहायची राहिली. दरवर्षी कापणीनंतर बोटं चिकाने काळी होतात, एकमेकांना चिकटतात. लोणी चोळून मग राखेने घासावी लागतात. काल मी नुसत्या पाण्याने हात धुतले आणि स्वच्छ झाले. केवढा त्रास वाचला!

न्तातेंनी माझा हात धरून वास घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "छान."

२ एप्रिल, रविवार

शुक्रवारी नव्या पिकातला पहिला कप. मीच उकळला. शेंडा बोटभर, दरवर्षीएवढाच. हे जास्त कसदार असेल म्हणून आधी त्याहूनही कमी टाकणार होते. न्ताते प्यायले, कप खाली ठेवला. मी समोरच बसले होते.

"कसं आहे?"

"पाय झोपला," ते म्हणाले. "डॉक्टरच्या हातचं आहे शेवटी."

मला इतका आनंद झाला की उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा म्मे त्यांच्या पिंढरीला तापवलेला दगड लावत होती.

"पाय झोपलाय ना?"

"झोपलेल्याला उबेत ठेवावं," न्ताते म्हणाले.

२३ एप्रिल, रविवार

न्ताते खराब दिसतात. खोकला वाढलाय. काल दुपारभर पडून होते, पांघरुणाखाली डावा अंगठा सारखा वळत होता. विचारलं की "बरंय." कपात दोन शेंडे टाकले. "बरंय."

मालेरातोबाई मीठ मागायला आल्या. म्हणाल्या, "आज पडून का? बुधवारी तर दारात बसून खोगीर शिवत होता. मला म्हणतो, तुझा नवरा घोड्यापेक्षा जास्त खातो, त्यालाच खोगीर घाल."

न्ताते हसले. म्मे मीठ काढायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

आठवडाभर काही ना काही करत राहतात, म्हणून शनिवारी थकत असतील. त्यांना सांगितलं, की मी नसताना उगाच दगदग करू नका.

८ मे, सोमवार

प्रयोगाची फुलं वाळून, नावं घालून, शीतकपाटात पडून आहेत. मोजायचं यंत्र बिघडलंय. सुटा भाग परदेशातून यायचाय, जुलैपर्यंत. पाचव्या ओळीचं वजन सगळ्यांत जास्त भरलं, पहिलीच्या दुपटीहून वर. चिकोमो सर म्हणाले, "वजन ताजवा सांगतो. औषध यंत्र सांगेल. थांब."

पहिली ओळ हाताळताना मात्र हातमोजे चिकटत होते. फेकून नवे घालावे लागले.

२१ मे, रविवार

न्तातेंना आता उशीवर टेकून बसावं लागतं. दवाखान्याच्या नर्सबाई येऊन गेल्या. छाती भरलीय, म्हणाल्या. जे करता येईल ते घरीच करा. मी म्हटलं, वेदनेसाठी आमचं आहे. त्या म्हणाल्या, मी ऐकलं नाही असं समजा, पण द्या.

कपात तीन शेंडे. "बरंय," न्ताते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर डोंगरावरचा मे-जूनचा हिवाळा, पाणी गोठलेलं.

मी ठरवलंय. बिनपगारी सुट्टी घ्यायची.

२७ मे, शनिवार

सुट्टी मिळाली. चिकोमो सरांनी सही करताना विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी ती जागा कोरी ठेवली.

घरी सांगितलं. मला वाटलं होतं न्तातेंना आनंद होईल.

"डॉक्टर, तुझ्या झाडांना पाणी कोण देणार?"

"पुलाने देते."

"ती चुकेल."

"चुकू दे. मी आता तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही."

त्यांनी म्मेकडे पाहिलं. म्मे खाली बघत होती. मग न्ताते हसले आणि म्हणाले, "बरं. मग चहा तरी कर."

आजपासून त्यांचा कप मीच उकळणार. सकाळी एक, संध्याकाळी एक. म्मेला म्हटलं, तू आता विश्रांती घे.

१ जून, गुरुवार

चार शेंडे. दूध हिरवं होतं. ज्वारीची आंबट पेज दोन चमचे घेतली त्यांनी, बाकी नको म्हणाले.

म्मे मला बाहेर घेऊन गेली. "मोसेले, तू कामावर जा. दोन-तीन दिवस तरी जा. इथे मी आहे ना."

"मी घरी असलेली तुला नको आहे का?"

"तसं नाही ग."

"मग कसं?"

मी रागाने बोलले. शिकून काय उपयोग, बाप आजारी असताना मी काचघरात फुलं मोजत बसू का, असं काहीतरी. ती वाड्याकडे निघून गेली.

६ जून, मंगळवार

बर्फ. न्ताते दाराची फट ठेवायला सांगतात, त्यांना डोंगर बघायचा असतो.

आज बराच वेळ बोलले. खाणीत नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला दगडावर टकटक करून आवाज ऐकायला शिकवायचे. पक्का दगड खणखणतो, सुटलेला बद्द बोलतो. "मी वीस वर्षं ऐकलं," म्हणाले. "एकदाच चुकलो."

मग माझा हात धरला. "तू पोतं आणलंस ना पाठीवरून, ते मी वळणापासून बघत होतो. तुला वाटलं शेवटीच बघितलं. मी पहिल्यापासून बघत होतो. तीनदा बसलीस."

पाय इतका थरथरत होता की कप हातातून घेऊन मीच पाजला. "बरं वाटतंय?"

"फार."

११ जून, रविवार

पाच शेंडे. झोप नाही. आजार पुढे गेलाय, आता कुठलंच औषध पोचत नाही — असं मी म्मेला म्हटलं. ती रडली. मी तिला समजावलं.

१५ जून, गुरुवार

सकाळी न्ताते गेले. दाराची फट तशीच होती.

२४ जून, शनिवार

सगळे नातेवाईक पोचले, आज पुरलं. त्लाली हे त्यांचं नाव फादरने तीन वेळा घेतलं. इतकी वर्षं मी ते कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. त्यांच्या कांबळ्यात गुंडाळलं. म्मेने रीतीप्रमाणे थडग्यात बी घातलं — मका, ज्वारी, भोपळा. मी माझ्या मोठ्या झाडांचं बी मुठीत आणलं होतं. तिने माझी मूठ हळूच मिटली आणि आपल्या फडक्याच्या गाठीतून चिमूटभर काढून घातलं.

"हे कुठलं?"

"दगडापलीकडचं. त्यांना सवयीचं."

मला थोडं वाईट वाटलं. पण आजचा दिवस तिचा.

३ जुलै, सोमवार

कामावर परतले. डोकं भादरलंय, सुतकाची काळी पट्टी आहे. पुलाने पुढे आली, तिने माझी टोपी नीट केली आणि टाकीचं झाकण उघडून दिलं.

१९ जुलै, बुधवार

यंत्र सुरू झालं. पाच ओळींचे आकडे आले.

पहिली सगळ्यांत वर. शंभर ग्रॅम फुलात वीस ग्रॅम औषधी द्रव्य. दुसरी अठरा. तिसरी पंधरा. चौथी अकरा. पाचवी आठ.

मी म्हटलं, नावं उलटी लागली असणार. सगळ्या बाटल्या पुन्हा भरल्या. पुन्हा तेच.

चिकोमो सरांनी वही उघडली, माझं नोव्हेंबरमधलं उत्तर दाखवलं, आणि माझा चेहरा बघून लगेच मिटली. म्हणाले, "चूक नाही ही. मीही तेच म्हणालो असतो. नायट्रोजन मिळाला की झाड पानं बांधतं, अंग वाढवतं. नाही मिळाला की त्याच्याकडे वाढायला काही नसतं, पण उजेड तर पडतच असतो. मग जे उरतं त्याचा चीक करतं. चिकाला नायट्रोजन लागतच नाही. म्हणून कंपनी मधली ओळ निवडेल — वजनही बरं, कसही बरा. कंपनीला किलो हवेत." वही बाजूला सारली. "आजाऱ्याला मात्र कपात काय उतरतं तेवढंच."

मी विचारलं, बाहेर उतारावर, मातीत वाढलेल्या झाडाचंही असंच होईल का?

त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोजल्याशिवाय मी काही सांगत नाही."

२१ जुलै, शुक्रवार

हात पाण्याने स्वच्छ झाले होते. मी ते गंमत म्हणून लिहिलंय. मार्चमध्ये, याच वहीत.

२४ जुलै, सोमवार

घरून दोन पुड्या आणल्या, मोज्यात घालून. एक माझ्या पिकाची. दुसरी म्मेच्या चहाच्या जुन्या डब्याच्या तळातली, मागच्या वर्षीची भुकटी. नियम मोडला. शिकल्यापासून पहिल्यांदा.

दोन बाटल्यांत भरून सरांसमोर ठेवल्या. "या दोन बाटल्यांवर नाव नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी पाहिल्या नाहीत. संध्याकाळी सगळे गेले की यंत्र धुवायचं असतं. धुण्याआधी काय घालतेस, मला माहीत नाही."

माझं पीक: तीन.

डब्यातली भुकटी, वर्षभर जुनी, अर्धा कस उडून गेलेली: सात.

कागद घडी करून ठेवलाय. बोटभर शेंड्यात त्यांना मिळायचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. मी पाच शेंड्यांपर्यंत गेले, म्हणजे आकड्यांत कदाचित भरून निघालं असेल. पण तोवर दोन चमचेसुद्धा त्यांच्या पोटात राहत नव्हते. तो हिरवा कप ते अर्धाच पीत आणि अर्धा ओठांवरून सांडायचा. मी पुसायचे.

आणि ते म्हणायचे, बरंय. ते बरं कुठून येत होतं?

२९ जुलै, शनिवार

म्मेला सांगायचं ठरवून आले होते. आज जमलं नाही. ती लाद्या कापत होती, मीही कापल्या. खताचं रिकामं पोतं तिने धुऊन, शिवून, न्तातेंच्या खोगिरावर झाकण घातलंय. खोगीर पूर्ण शिवलेलं आहे. टाके बारीक, सरळ. पाय पेटलेला माणूस असे टाके घालू शकत नाही.

उद्या सांगते.

३० जुलै, रविवार

सांगितलं. कागद दाखवला, आकडे वाचून दाखवले. तिला नवल वाटलं नाही. आत जाऊन एक फडकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. दगडापलीकडची तीन झाडं. एक संपलेलं, एक अर्धं, एक अख्खं. बोटं लगेच चिकटली.

"पहिल्याच घोटाला त्यांना कळलं होतं," म्हणाली. "सोमवार ते गुरुवार मी त्यांना हे द्यायचे. शुक्रवारी तू आलीस की तुझं. म्हणायचे, तीन दिवस काढतो मी, पोरीने पाठीवरून आणलंय."

शेवटी मी एकोणीस दिवस घरी होते.